इनासला दिलेली माफी

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि — आता लपवून काय करू — कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, गुडघे टेकल्यावर पाद्रीच्या कानातही नाही. तिथे बाकीचं सगळं ओकायचो: दारू, शिव्या, शुक्रवारी मटण वर्ज्य असताना खाल्लेली सागुती. एवढं एक गिळून उठायचो. तुम्ही माझे कोण? कुणी नाही. म्हणूनच सांगायला जमतंय बहुतेक.

ठाण्याच्या खाडीकाठच्या आमच्या गावात मला मोठा मान आहे. भावाभावांत वाजलं, सासूसुनेचं बोलणं तुटलं, की लोक म्हणतात, पेद्रूबाबाकडे जा. का? तर मी एकदा एका माणसाला माफ केलं म्हणून. पाद्री बदलले, पण नवा येईल तो उपासाच्या दिवसांत क्षमेवर बोलायला उभा राहिला की माझीच गोष्ट सांगतो. मी पुढे बसून मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो!

तर ती गोष्ट. इनास माझा शेजारी, माझ्याच वयाचा, बोलायला जड. आमची भातशेतं खाडीला लागून, मध्ये मातीचा बांध. बांधाला एक लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती वर उचलायची, शेतातलं जादा पाणी जाऊ द्यायचं, आणि भरतीच्या आत खाली सोडायची. घराघराची पाळी असायची, आणि ज्याची पाळी त्यानेच उघाडीला हात लावायचा. त्या दिवशी पाळी इनासची होती. पुनवेचं उधाण, भात पोटरीला आलेलं. दुपारी खाडी उघाडीतून आत शिरली आणि वावरभर खारं पाणी पसरलं. सगळ्यांत जास्त माझ्या वावरात. खारं पाणी एकदा बसलं की पुढची काही वर्षं तिथे दाणा धरत नाही.

मी बांधावरच इनासची गचांडी धरली. "पेज ढोसायला गेलास आणि आमच्या पोराबाळांचं खाणं बुडवलंस, मेल्या!" तो नुसता म्हणत राहिला, "मी लावली होती रे पेद्रू. देवाशपथ लावली होती." कोण ऐकतंय? गावाने त्याची पाळी काढून घेतली. पाळी काढणं म्हणजे या माणसाचा भरवसा नाही, हे चारचौघांत सांगणं. त्याच्या मुलीचं कल्याणकडे जमत आलेलं लग्न फिसकटलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग उपास आले. पाद्री म्हणाला, ज्याच्या मनात अढी असेल त्याने आधी समेट करावा, मग ईस्टरला पवित्र भाकर घ्यायला यावं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी, देवळाच्या दारात, मी इनासला मिठी मारली. मोठ्याने म्हटलं, "जा, माफ केलं तुला." तो हमसून हमसून रडला. बाया डोळे पुसायला लागल्या. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू — छान वाटलं मला.

आता — आता ते सांगायलाच हवं, नाही का?

उघाडी इनासने लावली होती. सकाळी पाणी सोडून झाल्यावर ती नीट खाली सोडून तो पेज प्यायला घरी गेला. त्याची पाठ वळली आणि मी गेलो — कोळंबीसाठी. उघाडी पुन्हा उचलली, खाली पाचर ठोकली, तोंडाशी जाळं लावलं. बांधावर कुणीतरी येताना दिसलं तसा जाळं घेऊन पळालो. पाचर तिथेच राहिली. विसरलो होतो? नाही. घरी पोचल्यावर आठवली होती. म्हटलं, भरतीला वेळ आहे, जाऊ थोड्या वेळाने. कोळंबी सोलत बसलो. दुपारी ओरडा झाला तेव्हा सगळ्यांच्या पुढे मीच धावलो, पाचर उपटून खाडीत फेकली, आणि मग वळून इनासची गचांडी धरली. राग मात्र खरा होता. त्याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे दर पावसाआधी इनास माझ्या बांधावर माती घालायला यायचा. मजुरी घ्यायचा नाही. मी म्हणायचो, अरे कशाला? — आणि येऊ द्यायचो. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना म्हणताना ती जागा यायची, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हाला कर म्हणायची. देवाने ते मनावर घेतलं तर? मी केली तशीच माफी तो मला करील — न केलेल्या पापाची. केलेलं माझ्यापाशीच राहील. तिथे माझा आवाज जरा खाली यायचा, एवढंच.

परवाच्या साथीत इनास तापाने पडला. आमच्याकडे मरणाच्या वाटेवरचा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून माफी मागतो. मलाही बोलावलं. भर दुपार होती, घर माणसांनी भरलेलं. मुलगी उशाशी बसून वारा घालत होती. तिचं लग्न मग झालंच नाही. मी ठरवून गेलो होतो. खरंच. उंबऱ्यापर्यंत शब्द तोंडात होते. इनासने माझा हात धरला आणि म्हणाला, "पेद्रू, इतकी वर्सं मी म्हणत होतो, लावली होती. खोटं रे ते. आता मला आठवतंय. मी नव्हती लावली."

तो मनापासून बोलत होता. त्याला खरंच तसं आठवत होतं. घरातलं माणूसन् माणूस माझ्या तोंडाकडे बघत होतं.

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. म्हटलं, "केव्हाच माफ केलंय, इनास."

त्याच्या मुलीने वाकून माझा हात चुंबला. मी तो मागे घेतला नाही.