लायसन रोह्याला गेलंय

सॉफ्टवेअरचं सोवळं पाळणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आमचे आतोबा. पेणच्या बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं पत्रिका छापायचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, वाढदिवसाचे बॅनर, जे म्हणाल ते तिथे मिळतं, फक्त वेळेवर मिळत नाही. कारण आतोबा कॉम्प्युटरपुढे बसतात ते पूजेला बसल्यासारखे. कुणाचाही पेनड्राइव्ह थेट आत घेत नाहीत. "कुठं कुठं फिरून आलाय, कुणाला ठाऊक," असं म्हणून त्याला आधी कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तासभर तपासणीला बसवतात. स्क्रीनवर अटी आणि शर्तींचा लांबलचक मजकूर येतो ना, जो तुम्ही-आम्ही न बघता 'मान्य आहे' म्हणून पुढे ढकलतो, तो आतोबा वाचतात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, समोर नवऱ्या मुलाचा मामा घड्याळ बघत उभा असला तरी. "आतोबा, हे कुणीच वाचत नाही हो," असं मी एकदा म्हटलं, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "न वाचता होय म्हणायला मी काय बोहल्यावर उभा हाय?"

आजूबाजूच्या दुकानांत सगळा चोरीच्या सॉफ्टवेअरचा कारभार. तुम्हीही तेच बसवून घ्या, असं आतोबांना सांगून थकलेली माणसं पेणमध्ये पुष्कळ आहेत. एकदा पनवेलहून एक गृहस्थ डबीभर सीडी घेऊन आले. "काका, सगळं हाय यात. एकदा टाकलं की आयुष्यभर बघायला नको." आतोबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, बिस्किटं पुढे केली आणि अगदी मायेने विचारलं, "चोरून आणलेल्या अक्षरांत लग्नपत्रिका छापली, तर त्या जोडप्याला लाभेल काय हो?" गृहस्थ बिस्कीट अर्धं बशीत ठेवून उठले. लायसन चालू करायला कंपनीला फोन लावून तो लांबलचक कोड वाचून दाखवायचा, हा तर आतोबांचा सणच. जी गणपतीचा, पी पेणचा, एम मिठाचा, असं सावकाश चालतं, आणि मध्ये पलीकडच्या मुलीला 'तुझं गाव कुठलं गो' हेही विचारून होतं. आर आला की पूर्वी ते 'आर रोह्याचा' म्हणत. भावाशी बिनसलं, तेव्हापासून 'आर रामाचा' झाला.

ही बिनसण्याची गोष्टही पेणलाच घडू शकेल अशी. तेव्हा आतोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, एकाच दुकानात होते. हमरापूरच्या एका मूर्तिकाराच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेच्या डाव्या कोपऱ्यात गणपती टाकायचा होता, पण तो बसला बाहेर तोंड करून, मजकुराकडे पाठ. तेव्हा दोघांपैकी कुणीतरी एकाने बटण दाबून तो आरशातल्यासारखा फिरवला. गणपती आत बघू लागला, पत्रिका झकास दिसू लागली, गठ्ठे छापून तयार झाले. मूर्तिकार आले, वरची एक पत्रिका उचलली आणि तशीच खाली ठेवली. "सोंड उजवीकडं आली, शेठ. ह्या गणपतीला कडक सोवळं लागतं. ह्याला पाव्हण्यांच्या घरी वाटत कसा फिरू?" गणपतीचं चित्र फिरवलं की सोंडही फिरते, हे साऱ्या जगाला नाही कळलं तर चालेल, पण पेणच्या माणसाला कळू नये? सगळ्या पत्रिका नव्याने छापाव्या लागल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण गणपती फिरवला कोणी, यावरून जी जुंपली ती जुंपलीच. आतोबा म्हणाले तू, काका म्हणाले तू. दोघंही त्या दिवशी आळीपाळीने त्याच खुर्चीत बसले होते, आणि सगळं लक्षात ठेवणाऱ्या त्या कॉम्प्युटरने नेमकं तेवढं लक्षात ठेवलं नव्हतं.

काका सासुरवाडीला, रोह्याला गेले आणि तिथे त्यांनी आपलं दुकान मांडलं. वाटण्या झाल्या. कटिंग मशीन यांना, स्क्रीन प्रिंटिंगचं सामान त्यांना. घड्याळ यांना, देवाची तसबीर त्यांना. गिऱ्हाइकंसुद्धा वाटली, नागोठण्याच्या अलीकडची पेणची आणि पलीकडची रोह्याची. अडलं ते मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरपाशी. ते दोघांच्या नावावर घेतलेलं, आणि एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालणार. दुसरीकडे हवं तर पहिलीकडून आधी सोडायचं, मग तिकडे घ्यायचं. दुसरं लायसन घ्या, असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. आतोबा म्हणाले, "मी कशाला घेऊ? मी नवीन घेतलं म्हणजे हे त्याचं झालं." काका रोह्यात बसून शब्दन् शब्द तेच म्हणाले. शेवटी आत्याने तोडगा काढला. दुपारी दोनपर्यंत लायसन पेणला, दोननंतर रोह्याला, आणि दुकान बंद करताना काकांनी ते परत करायचं.

तेव्हापासून दोन वाजले की आतोबा हात पुसून माउस धरत, लायसन सोडत, फोन लावत आणि म्हणत, "सोडलं." पलीकडून काका म्हणत, "घेतलं." फोन बंद. दुकान मिटताना काका म्हणत "सोडलं" आणि आतोबा "घेतलं." यापलीकडे एक अक्षर नाही. बरं आहेस का, नाही. पाऊस आहे का तिकडे, नाही. दुपारी कुणी पत्रिका घेऊन आलं की आतोबा हात जोडत, "आता नाय व्हायचं. लायसन रोह्याला गेलंय." नवीन गिऱ्हाइकाला वाटे, लायसन हा कुणी कामगार असावा. एक आजी तर रोज विचारायच्या, "आला का ओ तुमचा माणूस? रोजच्या रोज रोह्याला कशाला धाडता त्याला?"

मी नागोठण्याला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणजे या दोघांच्या बरोब्बर मधोमध, त्यामुळे दोघांचेही आजारी कॉम्प्युटर माझ्याच गळ्यात. एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी रोह्याच्या बाजारात शिरलं आणि रोह्याचे फोन बंद पडले. दोन वाजून गेले, आतोबांनी लायसन सोडलं होतं, पण 'घेतलं' म्हणणारं कुणी नव्हतं. भर पावसात छत्री घेऊन ते एसटीत बसले. नागोठण्याला अंबा नदी पुलाला लागलेली, गाड्या बंद. ओलेचिंब होऊन माझ्या कंपनीच्या गेटवर येऊन उभे राहिले. म्हटलं, "आतोबा, काकांची काळजी वाटतेय का?" "त्याची कशाला? लायसन पाण्यात जाईल." "आतोबा, लायसन काय पाण्यात भिजतं?" "तुला काय कळतंय," म्हणाले, आणि गेटवरच्या बाकावर पुलाकडे बघत बसून राहिले. काकांचं घर सुखरूप असल्याचा निरोप माझ्या एका मित्राने फिरवून फिरवून आणला, तेव्हा कुठे चहाला तोंड लावलं त्यांनी. मला त्या दिवशी त्यांची फार माया आली, आणि रागही तितकाच आला.

आणि मग व्हायचं तेच झालं. पेणचा कॉम्प्युटर म्हातारा होऊन बसला तो उठलाच नाही. नवा आणला, तर त्यावर जुनं सॉफ्टवेअर चालेना. नवी आवृत्ती घेणं भाग होतं, आणि तिच्या अटीत स्वच्छ लिहिलेलं, एकाच वेळी पाच कॉम्प्युटरवर चालेल. मी आपला खूश. आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "पाच कशाला रे मेल्या?" म्हणाली. "दिवसाकाठी दोघं दोन शब्द बोलतात, ते या लायसनपायी. उद्या लागलंच नाही, तर फोन कोण करील? मग एकदम कुणाच्या तरी तेराव्यालाच भेटायचे." मी म्हटलं, आत्या, माझ्या हातात काही नाही, जुनं आता बंदच झालंय. खरंच नव्हतं. आतोबांनी सगळ्या अटी वाचल्या, पाचाच्या आकड्यापाशी जरा जास्तच रेंगाळले. कोड वाचून दाखवताना आर आला. "आर..." म्हणून थांबले, आत्याकडे बघितलं, आणि "रामाचा" म्हणाले. सगळं सुरू झाल्यावर मी सांगितलं की आता सोडायला-घ्यायला नको. "बरं झालं," ते म्हणाले, "कटकट गेली." संध्याकाळी रोह्याला जाऊन काकांचा कॉम्प्युटर लावून दिला. तेही म्हणाले, "बरं झालं. कटकट गेली." आणि कीबोर्डशेजारचा फोन उगाचच फडक्याने पुसला.

त्यानंतर पेणला दोन वाजता काहीच होईना. आतोबांचा हात फोनकडे जायचा आणि पानाच्या डब्याकडे वळायचा. दुपारी पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला "होईल, बसा" म्हणाले, तर तो बिचारा आपण चुकीच्या दुकानात आलो की काय म्हणून पाटी वाचून आला. जेवण निम्मं ताटात राहू लागलं. छापील मजकूर वाचताना मुलीच्या बापाचं नाव मुलाच्या बापाच्या जागी गेलं, तेही दिसलं नाही. आत्याने मला बोलावणं धाडलं, आणि भाकरी वाढताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंपनीला सांग, आम्हाला पाच नकोत. एकच द्या." मी तिच्यासमोर खरंच फोन लावला हो. पलीकडची मुलगी चक्रावली. "सर, जास्त हवी असतील तर देता येतील. कमी नाही करता येत." आतोबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. बराच वेळ पान काही उलटलं नाही.

मग उठले, चपला घातल्या आणि दुकानात गेले. आत्याने मला डोळ्यांनीच मागे धाडलं. दोन वाजायला आले होते. आतोबांनी कॉम्प्युटर उघडला, नव्या सॉफ्टवेअरमध्ये शोधत शोधत ते सोडायचं बटण काढलं, आणि काही गरज नसताना लायसन सोडलं. फोन लावला. एका घंटीतच उचलला गेला.

"सोडलं," आतोबा म्हणाले.

मी फोनजवळ सरकलो, पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"घेतलं," काका म्हणाले. आणि फोन ठेवायचा सोडून, कितीतरी वर्षांनी तिसरा शब्द आला. "लय उशीर केलास, दादा."

"कॉम्प्युटर बिघडला होता," आतोबा म्हणाले. समोर नवाकोरा कॉम्प्युटर, त्याच्या कडेचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

गणपती कोणी फिरवला, ते आजही ठरलेलं नाही, आणि एकमेकांच्या दारात दोघं अजून गेलेले नाहीत. पण दोन वाजता आतोबा लायसन सोडतात. खरोखर सोडतात, कारण सोडलं म्हणायचं आणि सोडायचं नाही, हे त्यांच्या सोवळ्यात बसत नाही. पाच कॉम्प्युटरांचं लायसन असून पेणची गिऱ्हाइकं दुपारी तशीच परत जातात. हल्ली 'घेतलं'नंतर 'जेवलास का' एवढं येतं, कधी 'पाऊस हाय का तिकडं' हेही येतं. मी नागोठण्याला असतो. दोनला आमची जेवणाची सुट्टी होते. डबा उघडताना मनात येतं, लायसन आत्ता इथूनच गेलं असेल, आणि मग मी जेवायला लागतो.