साडूची मंदी

माझा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सणसवाडीत त्याच्या भाड्याच्या खोल्या आहेत आणि मंदीवर त्याच्याइतकं प्रेम कुणी करत नसेल. केंदूरला आमच्याकडे आला की चहा बशीत ओतायच्या आधीच सुरू, "कंपन्यांचं काय खरं न्हाई पाव्हणं. औंदा लई बेकार हाय." आणि त्याच महिन्यात त्याच्या नव्या वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला जातो, त्याला काळी बाहुली लटकते. आमच्याकडे 'बरं चाललंय' असं कुणी तोंडानं म्हणत नाही, दृष्ट लागते. हे मलाही ठाऊक. तरी त्याचं रडगाणं मी खरं मानायचो, कारण ते खरं व्हावं असं मला वाटायचं. त्याच्या वाट्याला हायवेकडची जमीन, माझ्या वाट्याला माळ. जळायला आणखी काय लागतं?

पण माझी मुलगी तिथल्याच एका कंपनीत काँट्रॅक्टवर होती, मावशीकडे राहून. यंदा परमनंट होते की घरी बसते, याचाच घोर लागला होता. खरी मंदी आली तर कुऱ्हाड आधी तिच्यावर. कळत होतं सगळं, तरी साडूच्या खोल्या ओस पडलेल्या बघायची हौस काही जात नव्हती.

परवा दुपारी गेलो, तर एकजात सगळ्या खोल्यांना कुलपं. खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं. चेहरा पाडून विचारलं, "गेले का भाडेकरू गावाकडं?"

"कशाचं गावाकडं! समदे ओव्हरटाइमला. माणसं पुरंनात कंपनीला. तुमच्या पोरीलाबी परमनंट करत्यात की," साडू बोलून गेला. आतून मेहुणी मोठ्यानं खोकली. तो लगेच सावरला, "पर किती दिवस? काय खरं न्हाई."

पोरीचं भलं झालं, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की याला माझ्याआधी कळलं. बाहेर येऊन तिला फोन लावला. मला का नाही सांगितलंस?

"पप्पा, मावशी म्हणली, पत्र हातात पडंस्तवर कुणाला बोलू नको. दृष्ट लागती."

"मग काकांना कसं सांगितलं?"



"काकांची न्हाई लागत," ती म्हणाली.