चाकामागची वीट

कलकत्त्याच्या खिदिरपूर ठाण्यात मी फौजदार असतानाची एक जीप अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. गोदीतल्या एका हमालाला उडवून ती पळाली होती. बिचाऱ्याचा पाय मोडला. जीप एका व्यापाऱ्याची. ड्रायव्हरने न विचारता गाडी काढली, अशी त्याची फिर्याद. पन्नाशीच्या त्या ड्रायव्हरला आम्ही कोठडीत टाकलं. किल्ली मालकांच्या घरी होती, एवढंच तो घोकत होता. मीही त्याला चांगलंच फैलावर घेतलं, खोटं कशाला सांगू? लायसन्स जाणार, तुरुंग होणार, आणि घरात मिळवता तो एकटा.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने बातमी आणली की शहराच्या बेहाला भागात एका बंद गॅरेजमागे जीप उभी आहे. पंचनाम्याला गेलो. पुढचा दिवा फुटलेला, आणि मागच्या चाकाला वीट लावलेली. जमीन तर ताटासारखी सपाट! हवालदाराला त्यात काही वाटलं नाही. मला आधी हसू आलं, मग मी चमकलो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी खात्याने आम्हाला जीप शिकायला दार्जिलिंगच्या वर धाडलं होतं. मी जन्माचा कलकत्तेकर, घरात मराठी, ठाण्यात बंगाली. डोंगर पहिल्यांदाच पाहत होतो. नवशिक्यांना शिकवायची सोपी कच्ची वाट होती ती. रुंद, बेताच्या चढाची, मध्ये घोटाभर पाण्याचा ओढा, वळणावर धुकं. काय दिवस होते ते! आमचे नेपाळी उस्ताद गिअर चुकला तरी रागवत नसत. पण उतारावर गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला दगड न लावता कोणी उतरला, की त्याचा चहा बंद. परत आल्यावर महिनाभर मी ठाण्याच्या अंगणात दगड शोधायचो आणि सगळे माझी टिंगल करायचे.

ड्रायव्हरला विचारलं, डोंगरात कधी गाडी चालवलीस? तो म्हणाला, कलकत्त्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही. मग मालकाकडे चहा घेता घेता घरात आणखी कोण गाडी चालवतं ते काढलं. पुतण्या दुर्गापूजेच्या सुट्टीत दार्जिलिंगला शिकून आलाय, असं त्याने मोठ्या फुशारकीने सांगितलं.

पंचविशीच्या त्या पुतण्याला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं आणि अंगणात आणून ठेवलेली ती जीप जरा भिंतीकडे घ्यायला सांगितली. अंगणात डागडुजीच्या विटा पडल्या होत्या. त्याने गाडी लावली, उतरला आणि पायाने एक वीट चाकाखाली सरकवली. मी त्या विटेकडे बघत राहिलो. त्याचा चेहरा पार उतरला. मग बाकावर बसून त्याने घडाघडा सगळं सांगितलं. गाडी त्यानेच काढली होती, आणि काकाला ते ठाऊक होतं.

ड्रायव्हरला सोडताना मी त्याची माफी मागितली. वर्दीत ते जड जातं. त्याने हात जोडले आणि शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही डोंगरात शिकला नसतात, तर?"

तो पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता. ते मला ऐकू यायला वीट लागायला नको होती.