रीसेट विंडो लेआउट, मुक्काम भोर

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. डब्यातलं लोणच्याचं तेल पर्समधल्या सगळ्या कागदांना लागतं, तसे ते लागत जातात. आमचं ऑफिस म्हणजे भोरला पिठाच्या गिरणीवरची एक खोली. मालकीण शीलाताई, पासलीची कमल आणि मी. दूध डेअऱ्यांसाठी प्रोग्राम बनवतो. लेक दीड वर्षाची झाल्यावर मी पुन्हा कामाला लागले, तेव्हा शीलाताई म्हणाल्या, "तीन महिने बघू." त्या 'बघू'नेच माझं अर्धं रक्त आटलं! पण त्या तीन महिन्यांतले सगळे किस्से एका मेनूतल्या एका ओळीचे आहेत.

*

पहिला दिवस. कोड लिहायच्या एडिटरमधली डावीकडची फायलींची चौकट जरा सरकवायला गेले. ती सुटून मधोमध आली. तिला ढकललं तर खालची वर! मला वाटलं, प्रोग्रामच पुसला. मी पर्स खांद्याला लावली.

"कुठं निघालीस?"

"ताई, माझ्याकडून सगळं गेलं..."

शीलाताईंनी स्क्रीन पाहिली. "वर विंडो मेनू आहे. त्यात 'रीसेट विंडो लेआउट'. ते दाब, मग खुशाल जा."

दाबलं. सगळ्या चौकटी आपापल्या जागी!

"अगं, फळी सरकली म्हणून डब्यातली डाळ जात नाही. ठेव ती पर्स. साडेदहाच वाजलेत!"

*

रीसेट करण्याआधी एडिटर विचारतो, नक्की का? एवढ्या अदबीने मला लग्नातही कोणी विचारलं नव्हतं. पण प्रश्न आला की माझा हात थांबतो. दर वेळी मी ओरडायचे, "ताई, नक्की का?"

एकदा ताई वैतागल्या. "लेकीला शाळेत घालतानाही मलाच विचारणार का?"

मी म्हटलं, "ते मी धरूनच चाललेय!"

*

मग आले माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे चार दिवस. मी नुसती लिहीत सुटले होते आणि एकही चूक येत नव्हती! संध्याकाळी किकवीला घरी जाताना एसटीत स्वतःशीच हसायचे. बाळंतपणाने माझी बुद्धी वाढली, अशी माझी खात्री झाली.

पाचव्या दिवशी चौकटी पुन्हा विस्कटल्या, म्हणून रीसेट केलं. खाली एक चौकट उगवली. चुकांची यादी. माझ्या हातून ती चार दिवसांपूर्वीच बंद झाली होती. यादी सरकवता सरकवता बोट दुखलं!

ताई ओरडल्या नाहीत. शेजारी बसून एकेक चूक काढू लागल्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "तरीच तू परवापासून गाणी म्हणत होतीस."

*

कमलच्या घरची शेरडं-मेंढरं आहेत. एके दिवशी तिची फायलींची चौकट गायब. मेनूतून उघडली तरी दिसेना. तिनं ती दुसऱ्या मॉनिटरवर नेऊन ठेवली होती आणि तो मॉनिटर गेला होता दुरुस्तीला!

"मॉनिटर न्हाई, तरी ही तिथंच जाऊन उभी?" कमल म्हणाली. "आमची शेरडं बी अशीच. वाडा हलवला तरी सांजच्याला जुन्या जागंवर!"

"मग त्यांना कसं आणता?"

"कानाला धरून."

आणि तिनं रीसेट दाबलं.

*

एकदा घरून काम करत होते. लेकीनं कीबोर्डवर दोन्ही हात आपटले, चौकटी विस्कटल्या, मी रीसेट केलं. सासूबाई बघत होत्या. "लई झ्याक हाय की!" म्हणाल्या.

तेवढ्या शाबासकीने मला जोर चढला. रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे सोयीने, नावं चिकटवून लावले. सोमवारी संध्याकाळी आले, तर प्रत्येक डबा जुन्या जागी.

"आई, हे काय?"

"रीसेट केलं म्या," सासूबाई म्हणाल्या. "च्या ठेवलाय, पी आन पोरीला घे."

*

तीन महिने संपले त्याच दिवशी गुंजवण्याच्या एका डेअरीचे सेक्रेटरी, आबा, माझं काम बघायला यायचे होते. काम आबांना पटलं तर मी राहणार होते, असं शीलाताईंनी आधीच सांगितलेलं. आणि नेमका त्याच सकाळी सासूबाईंना ताप! लेकीला कडेवर घेऊन ऑफिसला गेले. ताई म्हणाल्या, "असू दे." कमल शेजारी खुर्ची ओढून बसली.

प्रोग्राम पुरा नव्हता, म्हणून आबांना एडिटरमध्येच दाखवत होते. सकाळचं दूध इथं, फॅट इथं. आबा नुसते "हं" म्हणत होते. तेवढ्यात मांडीवरच्या लेकीनं झेप घेऊन माउस ओढला. आबांच्या डोळ्यांसमोर सगळ्या चौकटी इकडच्या तिकडे!

लेकीला मी डाव्या हाताने कवेत धरलं.

मी विंडो मेनू उघडला. 'नक्की का?' आलं. कोणालाही न विचारता 'हो' दाबलं. सगळं जागेवर.

आबा खुर्ची पुढं ओढून बसले. "ऱ्हाऊ द्या ते दूध. पोरीला म्हनावं, पाड परत!"

लेकीनं आनंदाने पाडलं. मी लावलं. आबांनी तीनदा करायला लावलं! मग चष्मा काढून शीलाताईंना म्हणाले, "आमच्याकडं काय बी बिघडलं, तर हीच बाई पाठवा. सगळं इस्कटलं तरी हिचा हात कसा तो हलत न्हाई."

ताई म्हणाल्या, "हो, मनीषा इथंच आहे आता."

टेबलाखाली माझे दोन्ही गुडघे कमलनं घट्ट दाबून धरले होते.