शुक्रवारपर्यंत

डबा उघडण्याआधी ते झाकणावर उजवा हात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. पाच-सहा सेकंद, जास्त नाही. तेवढा वेळ आमच्या टेबलावरचे बाकीचे चौघंही थांबायचे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. मी पोळीचा तुकडा मोडला, इतरांचे हात थांबलेले पाहिले आणि तो तुकडा तसाच धरून बसलो. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "खा, कदम. तुमच्या वाटचंही सांगून टाकलंय."

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाचा कारखाना, त्यातली आमची लॅब. ते तिथले सीनियर केमिस्ट आणि मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं. मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. कारखान्यात सगळे त्यांना फादर म्हणत. सुरुवातीला ते समजावत, "अहो, फादर कॅथलिकांचे. आमच्यात पाळक असतात. आणि मी तर तोही नाही, मला बायको आहे, लग्न झालेली मुलगी आहे." कुणी ऐकलं नाही. शेवटी वॉचमनसुद्धा "गुड मॉर्निंग फादर" म्हणू लागला, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. रजा नामंजूर झाली, पगारवाढ लांबली, छत्री हरवली, काहीही झालं तरी वर नजर टाकून म्हणायचे, "असू दे. त्याला माहीत आहे." आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर मॅनेजरची केबिन होती. त्यामुळे नव्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा.

कामात मात्र ते काही असू द्यायचे नाहीत. एकदा प्रॉडक्शनचे साहेब स्वतः खाली आले. "फादर, जरासा फरक आहे यार. गाडी उभी आहे बाहेर. पास करून टाका ना." यांनी चष्मा पुसला, नमुना पुन्हा तपासला. तोच आकडा आला. म्हणाले, "साहेब, आकडा मी बनवत नाही. मी फक्त वाचतो." गाडी रिकामी परत गेली. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याचा राग येतो, आणि तो रजेवर असला की सही करताना आपला हात अडखळतो.

नाताळात मी सहकुटुंब त्यांच्याकडे जायचो, बदलापूरला हेंद्रेपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. वहिनी करंज्या आणि केक एकाच ताटलीत वाढायच्या. बुटक्या, हसऱ्या, बोलताना दम लागायचा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची झडप बदलून धातूची बसवली होती. टीव्ही बंद असला की त्यांच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू यायची. माझी मुलगी लहान होती, तिने विचारलं, "काकू, तुम्ही घड्याळ गिळलंय का?" वहिनी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "अगं, तुझ्या काकांना सवय झालीय," त्या म्हणाल्या. "आवाज नसला तर झोप लागत नाही त्यांना."

या झडपेसाठी त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागायची, जन्मभर. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि आकडा ठरलेल्या दोन रेघांच्या आत आहे ना, ते बघायचं. फादरांनी त्याचा आलेख ठेवला होता. लॅबमधल्या कपाटाच्या दाराला आतून आलेखाचे कागद चिकटवलेले असत. महिन्याला एक ठिपका, शार्प पेन्सिलीने.

मग कुणीतरी वहिनींना उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका प्रार्थनासभेला नेलं. कपड्यांच्या दुकानावर हॉल होता. तिथे सिंधी, मराठी, बिहारी, सगळे यायचे. एक ब्रदर हिंदीत प्रार्थना करायचे, लोक रडायचे, बरे व्हायचे. यांच्या स्वतःच्या चर्चमधली उपासना अगदी शांत. वहिनींना तिथे जे कधी मिळालं नव्हतं ते इथे मिळालं. तिसऱ्या-चौथ्या सभेत ब्रदरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बहन, विश्वास कर. तू चंगी हो चुकी है."

वहिनींनी विश्वास ठेवला.

हे मला फादरांनी चहाच्या वेळी सांगितलं. लॅबच्या मागच्या पायरीवर आम्ही दोघंच होतो. ते कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "तिने गोळ्या बंद केल्यात, कदम. महिना झाला. परवा सभेत साक्षही दिली, लोकांसमोर. बरी झाले म्हणाली."

मी विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हा यांच्या धर्माचा मामला, आपण हिंदू माणसाने त्यात कशाला पडावं. उद्या म्हणतील, कदमांनी आमच्या देवावर शंका घेतली. मी म्हणालो, "बघा, तुम्हाला जास्त कळतं." त्यांनी मान हलवली, उरलेला चहा पायरीखाली ओतला आणि आत गेले.

आज इतक्या वर्षांनी सांगतो, ते माझ्याकडे एक वाक्य मागायला आले होते. "वहिनींना गोळी द्या," एवढंच. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं असतं तर त्यांना ते घेऊन घरी जाता आलं असतं.

कपाटाच्या दारावर नवा ठिपका पडला नाही. पुढच्या महिन्यात नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. मी रोज ते कपाट उघडत होतो.

वहिनी भाजी निवडता निवडता कलंडल्या. झडपेत रक्ताची गाठ धरली होती. तिचा तुकडा मेंदूत गेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर त्या सात आठवडे जगल्या. मी दवाखान्यात गेलो तेव्हा फादर त्यांच्या डाव्या हाताची नखं कापत होते. ब्रदर आले नाहीत. सभेतल्या दोन बायका आल्या होत्या. त्या बाहेर मला हळू आवाजात म्हणाल्या, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार." दार उघडंच होतं. आतली नखं कापण्याची कट्कट् थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

दफनाच्या वेळी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रभूच्या योजनेबद्दल सांगितलं. वृद्ध, मायाळू माणूस, मनापासून बोलत होते. पुण्याहून आलेली मुलगी वडिलांपासून चार हात दूर उभी होती. माती टाकून झाल्यावर ती त्यांच्याजवळ आली. मला वाटलं गळ्यात पडेल. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला तर कळत होतं ना?" उत्तराची वाट न बघता ती निघाली. त्यानंतर ती त्या घरी आली नाही.

दहा दिवसांनी ते कामावर आले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं सवयीने थांबलो. त्यांनी कॅन्टीनची थाळी पुढे ओढली आणि सरळ जेवायला लागले. आमचे हात अधांतरी. मग एकेकाने घास घेतला. "त्याला माहीत आहे" हेही त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. नमुने तपासायचे, आकडे लिहायचे, घरी जायचे.

एकदाच बोलले. मी विचारलं नव्हतं. ब्युरेट धुता धुता नळाच्या आवाजात म्हणाले, "पंचवीस वर्षं मीच तिला सांगत होतो, विश्वास ठेव. लग्न झालं तेव्हा तिला धड प्रार्थना येत नव्हती, मी शिकवली. तिने ठेवला विश्वास. मग कुठल्या तोंडाने सांगू, की इतका नको ठेवूस?"

त्यांनी नळ बंद केला.

"आणि कदम, आवाज बदलला होता. पडायच्या आठवडाभर आधी. टिकटिक बोथट झाली होती, कापडात घड्याळ गुंडाळावं तशी. मी रोज ऐकत होतो. काय होतंय ते मला समजलं होतं. मी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. डॉक्टरकडे नेलं नाही, प्रार्थना केली. का, माहितीये? नेलं असतं तर तिला कळलं असतं की माझा विश्वास नाही."

मी काहीतरी बोललो असेन. आठवत नाही. बोलायची वेळ केव्हाच गेली होती.

त्यांनी चर्च सोडलं, असं मात्र म्हणता येणार नाही. वर्षातून एकदा जायचे, गुड फ्रायडेला. दुपारी बारा ते तीन, शेवटच्या बाकावर. त्या दिवशी ते कधीच कामावर नसत. मी एकदा विचारलं, "मग ईस्टरला?" म्हणाले, "शुक्रवारचं मला पटतं. मेला, पुरला, सगळे घरी गेले. रविवारी तिथे माझं काही काम नसतं."

ते आता बदलापुरात नाहीत. मुदतीआधीच निवृत्ती घेतली, फ्लॅट भाड्याने दिला आणि नगरकडे भावाच्या गावी गेले, असं ऐकलं. फोन लागतो, कुणी उचलत नाही. त्यांच्या जागी आलेला केमिस्ट हुशार आहे. गाड्या वेळेवर निघतात.

फादरांना शेवटचं पाहिलं ते गावी जाण्याआधी, ईस्टरच्याच सकाळी. माझी बहीण हेंद्रेपाड्यात राहते, तिच्याकडे जात होतो. ते इमारतीच्या फाटकापाशी सिमेंटच्या बाकावर बसलेले दिसले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, केस ओले करून नीट विंचरलेले. रस्त्यावरून नव्या कपड्यांतलं एक कुटुंब चर्चला निघालं होतं. त्यातली बाई थांबली. "अंकल, येताय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले.

मी शेजारी जाऊन बसलो. समोर भाजीवाल्याने गाडी लावली, माठाच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. लांबून गाण्याचा आवाज येऊ लागला, बरेच लोक एकत्र गात होते.

"दर वर्षी तयार होतो," ते म्हणाले. "इथपर्यंत येतो."

"चला, मी येतो बरोबर," मी म्हणालो. या वेळी तरी म्हणालो.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात. मग तिथेच वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवरच जिना चढून वर गेले.