पाटा आला तरच मी येतो

शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली, पण सामान कसं लादावं हे मले कोणी शिकवू नये. समुद्रपूरच्या बाजारात बैलगाडीनं कापूस नेला आहे मी, आणि माझी गाडी रस्त्यात कधी कलंडली नाई. हे आधीच लिहून ठेवतो.

घरवाली गेल्यावर पोरगी मागं लागली, सेलूले चला, एकटे काऊन राह्यता. तिची स्वतःची कार आहे, स्वतःच चालवते. मी हो म्हणलं. न्यायच्या दिवशी मी अंगणात काढून ठेवलेला पाटा तिनं पाहिला.

"बाबा, हा दगड नाई न्यायचा. घरी मिक्सर आहे."

दगड म्हणे. तिच्या मायचा पाटा तो. जन्मभर ठेचा वाटून मधोमध खोलगट झालेला. त्या खोलगट जागेत तिचा हात अजून आहे, असं मी मानतो. कोणाले हसायचं असंन तं हसा.

"पाटा आला तरच मी येतो," म्हणलं आणि ओट्यावर जाऊन बसलो.

"मिक्सरचं सोडा. भेव वजनाचं आहे. ब्रेक मारला तं हाच आपल्या डोक्यात येईन."

"मग बांधून नेऊ."

मी पाटा उचलला आणि पुढच्या सीटवर ठेवला. बैलगाडीत भार मागं गेला की गाडी उलार होते, जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याले फास लागतो. म्हणून वजन पुढं.

"बाबा, इथं बैल नाई जुपले."

"चाकं तं आहेत."

"इथं ठेवला तं काच फोडून आपल्याआधी सेलूले पोहोचंन. आणि तुम्ही कुठं बसाल?"

माझ्या बसण्याचं ध्यानात नव्हतं. पण तसं मी तिले म्हणलं नाई. पाटा मागं नेला, माझ्या सीटच्या पाठीशी, खाली तळाले. बाजूनं तुरीच्या डाळीची चुंगडी ठासली, वरवंटा गोधडीत गुंडाळून फटीत कोंबला. मग बैलगाडीचा नाडा काढला आणि सीटच्या लोखंडी पायाले करकचून गाठ मारली. पोरीनं पायानं पाटा हलवून पाहिला. हलला नाई. तरी दोनदा हलवला तिनं, माझीच पोरगी ती.

बुद्धाचा फोटो मांडीवर घेऊन मी पुढं बसलो. तिनं तो काढून मागं गोधडीत ठेवला.

"पट्टा लावा."

"मले बांधाले मी काय चुंगडी आहे?"

गाडी टीं टीं करू लागली.

"गाडी ओरडून राह्यली, बाबा."

"ओरडू दे. माह्यासमोर लई जण ओरडले."

गावाबाहेर तुरीच्या वावरातून रोही, म्हणजे तुमची नीलगाय, एकदम रस्त्यावर आला. तिनं ब्रेक मारला. माझं कपाळ समोर आदळलं. मी आधी मागं वळून पाटा पाहिला. तसूभर सरकला नव्हता.

पोरीनं गाडी बाजूले घेतली. तिनं माझं कपाळ पाहिलं, मग पाटा.

"सगळं बांधलं," ती म्हणाली, "तुम्हीच सुटे राह्यले."

पट्टा मी लावला. तिनं सांगितलं म्हणून नाई. गाडीचं टीं टीं बंद व्हावं म्हणून.

सेलूले तिनं पाट्यासाठी गॅलरी दाखवली. मी तो स्वयंपाकघरात मांडला आणि म्हणलं, आता सरकवून दाखव.

तिनं हिरव्या मिरच्या आणल्या आणि पाट्यासमोर बसली.