पर्समधलं दातेरी चाक

लग्न होऊन मी डिचोलीहून गोव्यातल्याच चोपड्याला आले, त्या दिवशी मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला आधी घरामागच्या छपरात नेलं आणि रंधा मशीनसमोर उभं केलं. "ही आमची थोरली," ते म्हणाले. बाकीच्या घराची ओळख नंतर झाली. थोरल्या जावेचा मान एका लोखंडाच्या धुडाला मिळालेला बघून मला हसू आलं आणि थोडा रागही आला.

मशीन पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेलं. कुठल्या देशाचं, हे सांगणाऱ्या पाटीवरची अक्षरं केव्हाच पुसली होती. एका बाजूने खडबडीत फळी सरकवली की दुसऱ्या बाजूने ती तासून बाहेर यायची आणि फणसाचा पिवळा भुसा मामांच्या भुवयांवर जाऊन बसायचा. दारं, जनेलं म्हणजे खिडक्या, पाट, पाळणे, सगळं त्यातून निघे. माझा नवरा शाळामास्तर. त्याला पाचर आणि पाचोळा यांतला फरक विचारला तरी तो पुस्तक उघडेल. त्यामुळे मशीन ओळखणारा माणूस घरात एकच होता.

गोवा राज्य झालं त्या वर्षी ऐन पावसाळ्यात ही थोरली बंद पडली. फळी पुढे ओढणाऱ्या रुळांना फिरवणारं एक वीतभर रुंदीचं दातेरी चाक आत होतं, त्याचे चार दात एका झटक्यात गेले. ते मराठी की कोकणी या भांडणाचे दिवस. मामा कट्टर मराठीवाले, आणि मराठीची बाजू ते गावभर तावातावाने कोकणीतून मांडत. पण चाक मोडलं आणि त्यांचं भांडणही थांबलं. कोणी मुद्दाम कळ काढली तरी म्हणत, "करा तुमका काय करूचा ता." जनेलापाशी कदेल, म्हणजे खुर्ची, टाकून नदीकडे बघत राहत. मला मामांचा लळा होता. त्यांचं ते गप्प बसणं मला बघवेना.

त्यातच भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला. मामांनी त्याला सांगितलं, "दसऱ्यामेरेन थांब. चालू झाला नाय, तर घेऊन जा. बंद पडलेल्या मशीनीची पूजा मी करूचंय नाय." मामांनी दिलेला शब्द कधी फिरवला नव्हता, हीच मोठी पंचाईत.

मी पणजीला सरकारी कचेरीत होते. रोज फेरीबोटीने शिवोलीला उतरायचं, तिथून म्हापसा, म्हापशाहून पणजी. म्हणून तसलंच चाक शोधायचं काम माझ्याकडे आणि मोडकं चाक माझ्या पर्समध्ये आलं. जेवणाचा डबा, छत्री, फणी आणि बिडाचं चाक. बसमध्ये एका बाईने मला जागा दिली आणि माझी पर्स आपल्या मांडीवर घेतली. लगेच परत दिली. "बाये, पगार सगळो चिल्लरीत मेळटा काय?"

पणजीच्या दुकानदाराने चाक उलटंपालटं करून बघितलं, मधल्या भोकाच्या कडेची चौकोनी खाच चाचपली. "हें पुरातत्व खात्याक व्हर," म्हणाला आणि नव्या मशीनचा कागद माझ्या हातात ठेवला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनं लोखंड विकणाऱ्यांकडे शिवणयंत्रांची चाकं मिळाली, सायकलींची मिळाली, एकाने तर घड्याळाचं चाक दाखवून "सारकेंच, मात्शें ल्हान" असं सांगितलं. मी त्याला काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. असे सहा शुक्रवार गेले. संध्याकाळी घरी पोचले की मामा आधी पर्सकडे बघत. ती खांद्यावरून कशी लोंबते यावरूनच त्यांना कळायचं.

दसरा आठवड्यावर आला तेव्हा मी रजा टाकून माहेरी डिचोलीला गेले. तिथे खाणीच्या ट्रकांची कामं करणाऱ्या एका वर्कशॉपात सावंतवाडीकडचा एक लेथवाला होता. अख्ख्या तालुक्यात त्याचं नाव निघायचं. लाल धुळीने माखलेला, कानावर अर्धी विडी. त्याने चाकाचे दात मोजले, मग बोटाने एकेक चाचपला.

"वयनी, बीड आसा ह्या. जोड दिलंय तर दोन दिवसांत परत तुटतला. आणि नवीन पाडूक ह्या मापाचो कटर आता मिळाचो नाय."

माझा चेहरा पडला असणार, कारण त्याने मला स्टूल दिलं आणि चहा मागवला. मग म्हणाला, "पण एक सांगतंय. ह्या चाक मोडण्यासाठीच असता. फळी अडाकली तर ह्या मोडता आणि बाकीची मशीन वाचता. म्हणान असल्या मशीनीवांगडा पेटयेत एक जास्तीचा चाक येय. घरात शोधा."

"आमच्या घरात तसलं काही नाही," मी ठणकावून सांगितलं. आमच्या छपरातला खिळा न् खिळा मला ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी मी चोपड्याला परतले. दिवेलागणीला मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, छपरातल्या राखणदारापुढे दिवा लावत होत्या. मशीनमागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात हा मशीनचा राखणदार. शेंदराचा जाड वाटोळा गोळा, मधे खळगा, खळग्यात तांदूळ आणि तांदळात खोचलेली उदबत्ती. माझ्या आजेसासऱ्यांनी तो स्थापला असं सांगत आणि शेजारपाजारचे सुतारही त्याला नारळ बोलत. मांयनी जुने तांदूळ काढले, आणि खळग्याच्या कडेला मला एक चौकोनी खाच दिसली. तशी खाच मी सहा शुक्रवार दुकानादुकानातून दाखवत फिरले होते.

मी केसातला आकडा काढला आणि राखणदाराची कड खरवडली. शेंदराचा पोपडा उडाला. खाली दात.

"गो, पिशी जालंस?" मला वेड लागलं समजून मांय ओरडल्या. मामा धावत आले. मी लेथवाल्याचं बोलणं सांगितलं, पर्समधलं चाक काढून शेजारी धरलं. माप तेच, खाच तीच. पेटीतून आलेलं जास्तीचं चाक आजेसासऱ्यांनी कोनाड्यात जपून ठेवलं असणार. पहिल्या दसऱ्याला त्याला कुंकू लागलं, पुढच्याला शेंदूर, मग नवस. दर वर्षी नवा थर, आणि आम्ही सगळे हात जोडून उभे!

मी आनंदाने नाचायच्या बेतात होते, पण मामांचा चेहरा उतरला. "देवाक कामाक लावतलंस? ह्येच्यापुढे माझ्या बापाशीन हात जोडले. जाऊंदे मशीन भंगारात."

कचेरीत मी भल्याभल्यांना नियम दाखवते, पण इथे कुठला नियम दाखवणार? मामांना मशीन हवं होतं, प्राणापलीकडे हवं होतं, आणि तेच नको म्हणत होते. मांयनी कोनाड्याकडे बघितलं, मग मामांकडे. आयुष्यभर त्या राखणदाराला उदबत्ती लावणारी ही बाई. मला वाटलं, आता संपलंच.

"इतकी वर्सां बसान नारळ खाल्ल्यान," मांय म्हणाल्या. "आता घरावर वेळ इली, तर जरा काम करूंदे. देव झालो म्हणान काय झाला?"

मामांनी रीतसर गाऱ्हाणं घातलं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणाले, आणि मग सुरीने शेंदूर काढायला बसले. थर सुटत गेले तशी मामांची मान पुढे पुढे येत गेली. आतलं लोखंड कालच पेटीतून काढल्यासारखं काळंभोर होतं. इतक्या वर्षांच्या तेलाशेंदराने त्याला गंजाचा ठिपकासुद्धा लागू दिला नव्हता. निघालेला शेंदूर मांयनी केळीच्या पानात गोळा करून तुळशीत ठेवला.

चाक बसलं. मामांनी बटण दाबलं आणि फणसाची एक फळी सरकवली. ती पलीकडून तासून बाहेर आली तेव्हा ते मोठ्याने हसले आणि मला भुशासकट जवळ घेतलं. मी रडले, हे कबूल करते.

दसऱ्याच्या सकाळी मशीनला झेंडूची माळ चढली. भंगारवाला आला तो प्रसाद खाऊन गेला. कोनाडा मात्र रिकामा होता. मांयनी माझ्याकडे हात पुढे केला. "ता मोडका चाक दी."

मी पर्समधून काढून दिलं. चार दात गेलेलं ते चाक त्यांनी धुऊन पुसून कोनाड्यात ठेवलं, मधल्या भोकात तांदूळ भरले, उदबत्ती खोचली आणि त्याला पहिलं कुंकू लावलं. "ह्येणी राबान राबान दात घालवले. आता ह्येका बसूंदे."

मामांनी त्याला हात जोडले. मग हळूच म्हणाले, "माकाय असोच एक कोनाडो बघून ठेव गो."

मांयनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "तुमचे दात अजून शाबूत आसत. वायच थांबा आणि कामाक लागा."